चौसष्टावी ओळ

एस्तेर सिस्टरांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली आणि चौसष्टाव्या ओळीवर बोट टेकवलं.

"ही खूण कुणाची?"

"माझी."

"आणि ही?"

"माझीच."

बोट एकेका चौकटीवरून सरकत गेलं. अकरा सोमवार, अकरा खुणा. इतर ओळींतल्या खुणा कुठे घाईच्या होत्या, कुठे लांब शेपटीच्या. या ओळीतल्या सगळ्या नीट, एका उंचीच्या.

"उघडून पाहिलं होतंस?"

"हो," मी म्हणाले.

पहिलं खोटं हे नव्हतं. त्याआधीची अकरा वहीत होती.

*

६४. हवेची गादी, पंपासह. तीन लेखांत. पान उघडतं. ✓

*

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मिरजेत सिस्टरांच्या घरी, पुढच्या खोलीत, दोन टेबलं आणि एक कॉम्प्युटर एवढ्यावर आमची 'उशाशी' ही वेबसाइट चालायची. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याला कसं धुवायचं, कसं भरवायचं, चादर बदलताना कुठून धरायचं, असं सगळं त्यावर असे. सिस्टर चौतीस वर्षं वॉर्डात होत्या. त्या कागदावर लिहायच्या, मी टाइप करायची. लेखात एखादी वस्तू सुचवली असेल तर तिच्याखाली दुवा. त्यावर बोट ठेवलं की वाचक थेट ऑनलाइन दुकानात जाई, आणि त्यानं तिथं ती घेतली तर दुकान आम्हाला थोडं कमिशन देई.

कमिशन मिळतं हे वाक्य प्रत्येक लेखाच्या डोक्यावर असायचं, बाकीच्या मजकुराएवढ्याच अक्षरांत. बाकीचे लोक ते तळाशी बारीक टाइपात लिहितात, असं मी एकदा म्हटलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "सुई टोचायच्या आधी सांगायचं असतं गं. टोचल्यावर नाही."

त्यांचे नियम दोनच. स्वतःच्या हातानं न वापरलेल्या वस्तूचा दुवा द्यायचा नाही. आणि दर सोमवारी सगळे दुवे गिऱ्हाईक होऊन उघडायचे. म्हणजे फोनवर लेख उघडायचा, वाचकासारखं खाली यायचं, दुव्यावर बोट ठेवायचं, दुकानाचं पान उघडलं की वस्तू तीच आहे का, फोटो, नाव, विकणारा तोच आहे का, हे बघायचं. मग वहीत खूण. असे एकशे बारा दुवे होते. प्रत्येकाला मी नंबर दिला होता. एखादी वस्तू बंद पडली तर नंबराचा पत्ता एका जागी बदलायचा, की सगळ्या लेखांत आपोआप बदले. ही व्यवस्था माझी. मला तिचा अभिमान होता.

नुसतं पान उघडतं का, एवढं सांगणारा प्रोग्रॅम फुकट मिळायचा. तो एका मिनिटात एकशे बाराही दुवे तपासून हिरवे दिवे लावायचा. सिस्टरांना तो मान्य नव्हता.

"दार उघडं आहे म्हणजे आत तोच माणूस राहतो का?"

अकरा सोमवार मी एकशे अकरा दुवे हातानं उघडले. एक प्रोग्रॅमवर सोडला. तो रोज हिरवाच होता. पान खरंच उघडत होतं.

*

त्या मंगळवारी सकाळी सिस्टरांना फोन आला होता. ढालगावच्या पुढं एका वस्तीवरून, अश्विनी शिंगाडे नावाच्या सुनेचा. सासूला अर्धांगवायू. तिनं आमचा लेख वाचून गादी मागवली होती. सगळं लेखाप्रमाणं केलं, पंप बंद पडू दिला नाही, तरी माकडहाडावर कातडी गेली, आता हवा वाढवू का, असं ती विचारत होती. भांडत नव्हती. आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तिला वाटत होतं.

सिस्टरांनी तिला गादीवर तळवा ठेवून दहा मिनिटं बसायला सांगितलं. तिनं बसून परत फोन केला. हाताखाली काहीच हललं नाही म्हणाली.

चांगल्या गादीत हवेच्या आडव्या नळ्या असतात. एक फुगते तेव्हा शेजारची बसते, थोड्या वेळानं उलटं होतं. अंगाचा भार एका जागी राहत नाही. कधीतरी त्या अकरा आठवड्यांत विकणाऱ्यानं त्याच पानावर दुसरी गादी ठेवली होती. फोटो जवळजवळ तसाच, लोकांची जुनी कौतुकं तशीच खाली. ही नुसती फुगायची. पालटायची नाही.

आणि लेखात सिस्टरांनी लिहिलं होतं की या गादीवर रात्री चार-चार तासांनी कूस बदलली तरी चालतं. सांभाळणाऱ्यानंही झोपलं पाहिजे.

दुकानाच्या अहवालात बघितलं. अकरा आठवड्यांत त्या दुव्यावरून नऊ गाद्या गेल्या होत्या. नावं तिथं नसतात, नुसता आकडा.

"नऊ पाठी," सिस्टर म्हणाल्या.

मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, त्या बाईची जखम आज जाऊन बघू. हाडापर्यंत गेली असेल तर 'उशाशी' आजच बंद. नसेल तर पुढचं पुढे.

मी बरं म्हणाले. मला काहीच वाटलं नाही. त्या दिवसांत मला तहान लागलेलीही उशिरा कळायची.

*

निघण्याआधी लेखावर सूचना लावायची होती. ती मी लिहिली.

पहिली: तांत्रिक कारणामुळे काही वाचकांची गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत.

सिस्टरांनी ती मोठ्यानं वाचली. "गैरसोय? गाडी चुकली का कुणाची?"

दुसरी: विक्रेत्याने आम्हाला न कळवता त्याच पानावर दुसरी, कमी दर्जाची गादी ठेवली आहे. वाचकांनी ती घेऊ नये.

"हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण यात आपण कुठं आहोत?"

तिसरी त्यांनी सांगितली, मी टाइप केली:

ही गादी घेऊ नका. आम्ही वापरलेली गादी ही नव्हे. आम्ही दर सोमवारी दुवे तपासतो असं सांगतो. हा दुवा अकरा आठवडे तपासला नव्हता. ज्यांनी या काळात ही गादी घेतली त्यांनी आजपासून दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा, आणि खालच्या नंबरावर फोन करा. एस्तेर लोंढे, नर्स.

'तपासला नव्हता' हे शब्द टाइप करताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. चौसष्ट नंबरचा पत्ता दुकानाकडून काढून मी या सूचनेकडे वळवला. तिन्ही लेखांत एका क्षणात बदलला. व्यवस्था चांगली होती.

*

सिस्टर पिशवीत पट्ट्या, सलाइनच्या बाटल्या, हातमोजे भरत होत्या. भरता भरता वॉर्डातलं सांगितलं. पेशंटच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला असतो, दर दोन तासांनी डावी कूस, उजवी कूस, पाठ, आणि पुढे नर्सची सही. एका पोरीनं पूर्ण पाळीच्या सह्या चहा पिताना एकदम करून टाकल्या होत्या.

"मग? काढलं तिला?"

"काढून काय होतंय? त्या पेशंटचं ड्रेसिंग तिच्याकडं दिलं. भरेपर्यंत." पिशवीची चेन लावून त्या म्हणाल्या, "जुनी गादी कुठं आहे?"

मी म्हणाले, माळ्यावर.

"घेऊन ये."

*

लेखात असं लिहिलं होतं: "ही गादी आम्ही एका घरी सात महिने वापरून पाहिली आहे."

ते घर आमचं.

*

बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी स्टुलावर चढले, गुंडाळी खाली ओढली. नाडीनं बांधलेली होती. गाठ मीच मारलेली. पंप वेगळ्या पिशवीत.

"कुठं नेतीस?"

"एकांना द्यायचीय. ढालगावकडं."

ते थोडा वेळ गुंडाळीकडं बघत राहिले. मला वाटलं, नको म्हणतील. त्यांनी नको म्हणावं असं मला वाटत होतं की काय, आता सांगता येत नाही.

"पंप चालवून बघ आधी," ते म्हणाले. "बंद निघाला तर त्यांची फेरी फुकट जायची."

मी भिंतीतल्या प्लगला जोडला. पंप घुमायला लागला. बाबा उठून आत गेले, आणि आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी पंप बंद केल्यावर नळही बंद झाला.

*

माणसं कोंबून भरलेल्या वडाप जीपमध्ये गुंडाळी मांडीवर उभी धरून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, सतरंजी केवढ्याला घेतली. सिस्टर म्हणाल्या, सतरंजी नाही, पेशंटची गादी. बाई थोडी सरकून बसली. एप्रिल होता. कवठेमहांकाळला जीप बदलली. सगळ्या वाटेत सिस्टर एकदाच बोलल्या. वस्तीवर गेल्यावर तू रुग्णाला धरायचं, मी जखम बघेन, एवढंच.

*

अश्विनीचे सासरे बाळासो शिंगाडे वाटेवर उभे होते, डोक्याला टॉवेल. त्यांनी आधी सिस्टरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुमी लिवता बी आन येता बी? मला वाटलं हुतं मशीनच लिवतंय समदं."

"माणसंच लिहितात," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून चुकतं."

"आमचं काय म्हननं न्हाई. फुडं मातूर बगा काईतरी. कन्हत्या रातभर."

आतल्या सोप्यात लोखंडी खाटेवर सुलाबाई होत्या. उजवी बाजू गेलेली. जीभ जड, पण बोलणं कळायचं. अश्विनी विशीतली, पदर खोचलेला, डोळ्यांखाली काळं. तिनं भिंतीवर खडूनं वेळा लिहिल्या होत्या: अकरा, तीन, सात. प्रत्येक वेळेपुढं खडूची रेघ. मी त्या रेघांकडं बघत राहिले. काही वाकड्या होत्या, एक जवळजवळ पुसट, झोपेत मारल्यासारखी. सगळ्या खऱ्या होत्या.

सिस्टर मोजे घालत म्हणाल्या, "नूतन, धर."

मी सुलाबाईंच्या खांद्यामागं एक हात आणि कमरेमागं एक हात घालून त्यांना माझ्याकडं वळवलं. कसं धरायचं ते मला माहीत होतं. सात महिने धरलं होतं. माणसाचं वजन, घामाचा आणि पावडरीचा वास, कानाजवळ येणारा श्वास. हे सगळं माझ्या हातांना आधी आठवलं, मला नंतर.

सिस्टरांनी जुनी पट्टी काढली. मला जखम दिसत नव्हती, सिस्टरांचं तोंड दिसत होतं. त्यांनी सलाइन ओतलं, कापसानं टिपलं, वाकून बराच वेळ बघितलं. अश्विनी माझ्या शेजारी उभी होती.

"हाड नाही दिसत," सिस्टर म्हणाल्या. "मांस लाल आहे. भरेल."

अश्विनी खाली बसली. तशीच, जमिनीवर. म्हणाली, "म्या लई झोपले वं सिस्टर. तुमी चार तास लिवलं हुतं, म्या चार तास झोपले."

सिस्टरांचे हात थांबले. त्या माझ्याकडं बघत होत्या.

"तुमचं चुकलं नाही," मी म्हणाले. "गादी दुसरी आली. दर सोमवारी उघडून बघायचं काम माझं होतं. मी न बघता खूण केली. अकरा वेळा."

बाळासो दारात होते. त्यांनी टॉवेल डोक्यावरून काढला आणि खांद्यावर टाकला.

"न बगता?" अश्विनी म्हणाली. रागानं नाही. तिला खरंच कळत नव्हतं. "का वं?"

मी सुलाबाईंना धरून होते.

*

ड्रेसिंग झालं. अश्विनीनं मला फोनवर आमचाच लेख दाखवला, जणू मी तो कधी बघितलाच नव्हता. अंगठ्यानं खाली खाली नेत म्हणाली, तालुक्याला एका दुकानात दुसरी गादी स्वस्तात मिळत होती, मामा, म्हणजे सासरे, ती घ्या म्हणत होते.

"मग म्या ह्यो फोटू दावला त्यास्नी."

दुव्याच्या वर फोटो होता. सिस्टरांनी काढलेला. निळसर गादीचा कोपरा, पायथ्याला टांगलेला पंप, आणि गादीच्या काठावर विसावलेला एक हात. म्हातारा, मनगटावर हिरव्या काचेच्या दोन बांगड्या, तर्जनीला गोंदणाचा ठिपका.

"बाकीच्या समद्या फोटूत नुसती गादी असती," अश्विनी म्हणाली. "हितं हात हाय. खऱ्या मानसाचा हाय म्हनलं. म्हनून घेतली."

तिन्ही लेखांत तोच फोटो होता. गिऱ्हाईक होऊन दुव्यापर्यंत जायचं तर त्या हातावरूनच खाली जावं लागायचं.

सिस्टर पिशवी आवरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "फोटो बदला, एवढं म्हणायचं होतंस गं. मी त्याच दिवशी बदलला असता."

मी म्हणाले, "बदलायचा नव्हता."

*

हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. पहिल्या खोट्या खुणेच्या आदल्या आठवड्यात आई पहाटे गेली. तिला घेऊन गेले, परत आले, माणसं आली, बसली, गेली. दोन दिवस गेल्यावर बाबा म्हणाले, हा कसला आवाज येतोय गं? पंप चालू होता. कुणालाच बंद करायचं सुचलं नव्हतं. रिकाम्या खाटेवर गादी एका ओळीनं वर येत होती, दुसऱ्या ओळीनं खाली जात होती. दोन दिवस आणि दोन रात्री. बटण मी बंद केलं.

*

शिंगाड्यांच्या खाटेवर आम्ही चौघांनी मिळून गादी बदलली. बाळासोंनी आणि अश्विनीनं सुलाबाईंना चादरीसकट उचलून खाली वाकळेवर कुशीला ठेवलं, सिस्टरांनी खालची ओढून काढली, मी गुंडाळी सोडली. गाठ सुटेना. दातांनी सोडवली. पंप पायथ्याला टांगला, नळ्या जोडल्या, बटण दाबलं.

पंप घुमायला लागला. मी तळवा गादीवर ठेवून उभी राहिले. पाच मिनिटं. सात. मग हाताखालचा उंचवटा हळूच बसला आणि शेजारचा वर आला.

सुलाबाईंना गादीवर कुशीला ठेवलं. त्या भिंतीकडं बघत पडून राहिल्या. थोड्या वेळानं त्यांची भुवई हलली. जड जिभेनं त्यांनी अश्विनीला विचारलं,

"खाली कोन झोपलंय गं?"

"कोन न्हाई आत्ती. गादी हाय."

"कूस बदलतंय," सुलाबाई म्हणाल्या. "झोपू दे त्येला."

बाळासो हसले. अश्विनीही हसली, तोंडावर पदर धरून. सिस्टर माझ्याकडं बघत होत्या. मी हात काढला नव्हता. अजून एक ओळ बसली, एक वर आली. मग काढला.

*

भरायला सात आठवडे लागले. दर गुरुवारी मी वडापनं जायची, सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणं ड्रेसिंग करायची, यायची. बाळासो दर वेळी भुईमुगाच्या शेंगा नाहीतर लिंबं बांधून द्यायचे. नको म्हटलं तर म्हणायचे, गादीचं भाडं समजा. सुलाबाई त्यानंतर तीन वर्षं होत्या. पाठ पुन्हा फुटली नाही. गादी त्यांनी परत पाठवू का विचारलं, मी त्यांच्या गावातच कुणाला तरी द्यायला सांगितलं. ती आता कुठं आहे मला माहीत नाही.

सूचना वाचून फोन आले. दोन सांगलीतून, एक बार्शीचा, एक पार भंडाऱ्याचा, एक पुण्यातून रागावलेला, बरोबरच होतं त्याचं. अश्विनी धरून सहा. सिस्टर प्रत्येकाशी पाऊण-पाऊण तास बोलल्या.

नवापैकी तिघांचे आले नाहीत. सूचना आम्ही कधीच काढली नाही, अजून आहे. सिस्टर गेल्या त्याला दोन वर्षं होतील. साइटवरचा फोन नंबर आता माझा आहे.

*

ढालगावहून आलो त्याच्या पुढच्या सोमवारी मी पहिल्या दुव्यापासून सुरुवात केली. नाकातली नळी, थुंकीचं भांडं, पाठ चोळायचं तेल. त्रेसष्टाव्यापर्यंत आले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. जेवून आले. चौसष्टाव्याचा लेख उघडला. अंगठ्यानं खाली खाली गेले. गादीचा कोपरा आला, पंप आला, हात आला. बांगड्या दोन होत्या. गोंदणाचा ठिपका तर्जनीवर नव्हताच, मधल्या बोटावर होता. इतके दिवस मला तो तर्जनीवर आठवत होता, अश्विनीनं फोन पुढं धरला तेव्हाही.

तिथं थांबले. मग खाली गेले, दुव्यावर बोट ठेवलं, सूचना उघडली, शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. वही ओढली. खूण वाकडी आली.

६४. हवेची गादी. दुकानाचा दुवा काढला. फोटो ठेवला. उघडून पाहिलं.